एकच किल्ली

जयसिंगपुरातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी २००७ सालची एक लहान गाडी आहे. गुरुजींचे वय सत्तरीच्या घरात. पत्नीला मूत्रपिंडाच्या विकारामुळे दर मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. मुलगा पुण्यात नोकरीला. उपचारानंतर थकून गेलेल्या माणसाला बसच्या थांब्यावर उभे करणे शक्य नसते. त्यामुळे ही जुनी गाडी त्या घराला मोठाच आधार आहे. गुरुजींनी ती दुसऱ्या हाताने विकत घेतली, तेव्हा पहिल्या मालकाने एकच किल्ली हाती दिली होती. "दुसरी घरातच कुठेतरी आहे, सापडली की आणून देतो," असे तो म्हणाला. गुरुजींनी दोनतीनदा आठवण केली, मग संकोचाने विषय सोडून दिला. एका किल्लीवर गाडी अनेक वर्षे विनातक्रार चालली आणि दुसरी किल्ली असते याचाही घराला विसर पडला.

एका मंगळवारी सायंकाळी, पत्नीला चाकाच्या खुर्चीतून गाडीपर्यंत आणल्यावर, गुरुजींनी खिशात हात घातला तो रिकामाच निघाला. औषधांचे दुकान, पैसे भरण्याची खिडकी, उपाहारगृह, प्रतीक्षागृहातील बाकांच्या खालची फरशी, सगळे शोधून झाले. शेवटी पत्नीला भाड्याच्या वाहनाने घरी पाठवून ते रुग्णालयाच्या आवारात थांबले आणि कुणीतरी सांगितले म्हणून बाजारातील चावीवाल्याला बोलावून घेतले.

चावीवाला आपल्या कामात वाकबगार होता. दाराच्या कुलपात कोरी किल्ली फिरवून, उमटलेल्या खुणा पाहत, कानशीने दाते घासत त्याने अर्ध्या तासात किल्ली तयार केली. दार उघडले. स्टिअरिंग मोकळे झाले. स्टार्टर फिरला, इंजिनाने क्षणभर धरले आणि लगेच सोडून दिले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. समोरच्या फलकावर किल्लीचे चित्र असलेला बारीक दिवा मात्र भराभर उघडझाप करीत राहिला. चावीवाल्याने तो पाहिला आणि हत्यारे पिशवीत भरली. "गुरुजी, ह्यात चिपची किल्ली लागतीया. दाते मी पाडले, पण ते माझ्याकडनं नाही व्हायचं," असे सांगून त्याने निम्मेच पैसे घेतले.

या दिव्याच्या मागे जी व्यवस्था आहे तिला इमोबिलायझर म्हणतात. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी एक चिप बसवलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली घालून फिरवली की कुलपाभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींवरच ती क्षणभर जागी होते आणि आपला सांकेतिक क्रमांक कळवते. गाडीतील संगणक तो क्रमांक आपल्याजवळच्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळला तर इंधन व ठिणगी सुरू राहते. न जुळला तर थांबते. म्हणजे किल्लीचे दाते ही सही असेल, तर चिप हा सहीचा नमुना होय. आणि नमुन्याशी न जुळणारी सही कितीही सुबक असली तरी तिच्यावर पैसे मिळत नाहीत. दूरवरून दार उघडणाऱ्या बटणाशी या चिपेचा संबंध नसतो. बटणाची बॅटरी संपली म्हणून गाडी बंद पडली असे अनेकांना वाटते, तो गैरसमज आहे.

या कल्पनेचा आरंभ अमेरिकेत झाला. जनरल मोटर्सने १९८६ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत विद्युत्‌रोधाची एक बारीक गोळी बसवली. अशा गोळ्या पंधरा प्रकारच्या होत्या. चुकीची गोळी असलेली किल्ली लावली की गाडी काही मिनिटे कोणाचेच ऐकत नसे. पुढे रेडिओलहरींवर चालणारी चिप आली. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात तो लहान गाड्यांतही रुळला. मारुतीच्या गाड्यांवर 'आयकॅट्स' या नावाने त्याची जाहिरात होत असे. तारा जोडून गाडी पळवण्याची चोरांची जुनी विद्या त्यामुळे निकामी ठरली. चित्रपटात नायक स्टिअरिंगखालच्या दोन तारा एकमेकींना लावून निघून जातो, ते या गाड्यांच्या बाबतीत निव्वळ करमणूक समजावे. गंमत अशी की, चोरासाठी बांधलेली ही भिंत किल्ली हरवलेल्या मालकाच्या वाटेतही तितकीच उंच उभी राहते. गाडीला माणूस ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन सल्ले मिळाले. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आले की, आर. सी. बुक, ओळखपत्र आणि किल्लीचा क्रमांक आणावा. या जुन्या प्रकाराची किल्ली वरून मागवावी लागेल, आणि गाडी टोइंग करून सेंटरपर्यंत आणावी लागेल. किती दिवस लागतील हे सांगता येणार नव्हते. किल्लीचा क्रमांक हा शब्दच गुरुजी प्रथम ऐकत होते. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्याला पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी लावलेली असते. तिच्यावर दात्यांचा सांकेतिक क्रमांक असतो. ती पट्टी जुडग्यातच ठेवणारे किल्लीबरोबर तीही हरवतात. दुसऱ्या हाताने घेतलेल्या गाडीत ती बहुधा मिळतच नाही, कारण ती मागायची असते हेच ठाऊक नसते.

दुसरा सल्ला एका गॅरेजच्या फिटरचा. संगणकातील ही अटच काढून टाकू, मग साध्या किल्लीवर गाडी सुरू होईल, खर्चही कमी येईल, असे त्याचे म्हणणे. जुन्या गाड्यांत हे करता येते आणि पुष्कळजण करतातही. शुक्रवार तोंडावर आलेला, त्यामुळे गुरुजींचे मनही क्षणभर वळले. परंतु असे करणे म्हणजे कुलूप नादुरुस्त झाले म्हणून दारच काढून ठेवणे. ज्या किल्लीचे दाते जुळतील त्या कोणत्याही किल्लीवर मग ती गाडी जाणार, आणि हरवलेली किल्ली तर अजून कोठेतरी पडलेलीच होती. शिवाय विम्याचा प्रश्न आहेच. गाडी चोरीस गेल्यावर विमा कंपन्या सर्व मूळ किल्ल्या सादर करण्यास सांगतात. एक कमी असली तर ती कोठे गेली याचे उत्तर द्यावे लागते, आणि लेखी पुरावा नसला की दावा रेंगाळतो. म्हणून किल्ली हरवताच पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करावी, तिची प्रत घ्यावी व विमा कंपनीला लेखी कळवावे. नव्या किल्लीचा खर्च विम्यातून मिळेल ही आशा मात्र फारशी धरू नये. त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते, आणि जुन्या गाडीला, त्यातही केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असलेल्या गाडीला, ते नसते.

शेवटी मुलाने पुण्याहून चौकशी करून कोल्हापूरचा एक कारागीर शोधला. गुरुवारी तो लॅपटॉप व एक यंत्र घेऊन मिरजेच्या त्या आवारातच आला. प्रथम त्याने आर. सी. बुक व ओळखपत्र पाहायला मागितले. हे न विचारता काम करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. त्याने चिप असलेल्या दोन किल्ल्या कापल्या, स्टिअरिंगखालच्या जोडणीतून संगणकाशी संपर्क साधला, जुन्या किल्लीची नोंद पुसली आणि नव्या दोन्ही किल्ल्यांची नोंद केली. पाऊण तासाने दिवा एकदा लागून विझला व इंजिन चालू राहिले. शुक्रवारी गुरुजी पत्नीला घेऊन वेळेवर मिरजेत होते.

निघताना कारागिराने जे सांगितले तेच या प्रकरणात सर्वांत लक्षात घेण्याजोगे आहे. चालणारी एक किल्ली हाताशी असती, तर तिच्या चिपेची नक्कल करून दुसरी किल्ली त्याने अगदी थोड्या वेळात व कितीतरी कमी पैशांत दिली असती. एकही किल्ली नसली की काम नुसते वाढत नाही, त्याची जातच बदलते: गाडीच्या संगणकालाच फोडावे लागते. काही गाड्यांत तर तेही सोपे नव्हते. युरोपात १९९० च्या दशकातील काही फियाट गाड्यांबरोबर एक लाल रंगाची मुख्य किल्ली मिळे. नवी किल्ली नोंदवण्यास तीच लागे, आणि ती गमावली तर संगणक बदलण्याची पाळी येई. गाडी जितकी जुनी होते तितके तिचे सुटे भाग, तिची यंत्रे आणि ती वापरणारे कारागीर दुर्मीळ होत जातात. म्हणजे दुसरी किल्ली करून घेण्यास प्रत्येक वर्षाचा उशीर महाग पडतो, आणि नेमकी हीच गोष्ट गाडी नीट चालू असताना कोणाला सुचत नाही.

बँकांच्या तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या त्याच शाखेत ठेवत नाहीत. त्या मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेच्या ताब्यात असतात व त्यांची पोच नोंदवहीत असते. घरात एवढा काटेकोरपणा कोणी करीत नाही. दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवून फिरणारे गृहस्थही काही कमी नाहीत. आणखी एक गोष्ट कर्ज काढून गाडी घेणाऱ्यांसाठी. काही वित्तसंस्था कर्ज फिटेपर्यंत दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवून घेत असत. कर्ज फिटल्यावर ना हरकत पत्र व ३५ क्रमांकाचा अर्ज लोक आठवणीने आणतात आणि किल्ली तेथेच राहते. जुनी गाडी विकत घेताना पहिल्या मालकाला हे जरूर विचारावे, आणि दुसरी किल्ली हाती पडेपर्यंत किंवा तिची किंमत वजा होईपर्यंत व्यवहार पुरा करू नये. संकोच त्या दिवशी सोडणे सोपे असते, पुढे नाही.

गुरुजींची हरवलेली किल्ली तीन आठवड्यांनी सापडली. पत्नीच्या रुग्णालयाच्या पिशवीत, शालीच्या घडीत ती होती. खुर्चीवरून उतरताना त्यांनीच ती तिच्या हाती दिली असावी. त्यांनी गाडीपाशी जाऊन ती लावून पाहिली. दार उघडले, स्टार्टर फिरला, आणि तो बारीक दिवा भराभर उघडझाप करू लागला. कोल्हापूरच्या कारागिराला फोन केला तेव्हा तो हसून म्हणाला, "पुन्हा नोंदवून देतो, पण येताना तिन्ही बरोबर घेऊन या." आता एक किल्ली गुरुजींच्या खिशात असते, दुसरी कपाटात आर. सी. बुकाच्या फायलीत, आणि ही जुनी शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या बहिणीकडे, डब्यात, वर गाडीचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात.