उसन्या चेहऱ्याचा जटायू

गेल्या महिन्यात एका कॉलेजातल्या मुलीचं पत्र आलं. तिनं कथा लिहिलीय. नायिका एसटीतून निवृत्त झालेली कंडक्टर, गावातल्या चोऱ्यामाऱ्या उलगडते. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा अजून पिशवीत बाळगते आणि विचारात पडली की टकटक वाजवत बसते. पोरगी प्रामाणिक आहे. बाईची चाल एका कोरियन मालिकेतल्या आजीची, बोलताना आवाज निळू फुल्यांचा ऐकू येतो आणि चिमट्याची सवय फास्टर फेणेच्या ‘टॉक्’वरून सुचली, हे तिनं स्वतःच कळवून टाकलंय. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या संपादकांनी कथा परत केली. समासात शेरा एवढाच: ‘बाह्य प्रभाव जाणवतो.’ आता ती विचारतेय, ही बाई माझी म्हणायची की नाही?

आपल्याकडे ‘प्रभाव’ हा शब्द डॉक्टरांनी ‘लागण’ म्हणावं तसा उच्चारतात. त्यातून पुस्तकाचा प्रभाव असेल तर थोडी तरी इभ्रत राहते. शेक्सपिअरचा असेल तर उलट भावच वधारतो. पण सिनेमा, मालिका, चित्रकथा यांतून काही घेतलं म्हणता? मग संपलंच. या बाबतीत माझं मत ठाम आहे, पण ते सांगण्यापेक्षा त्या मुलीला मी एका बंगाली गृहस्थाची ओळख करून देतो. बुटका, टकला, मिशीवाला, हिरव्या अँबेसेडरचा मालक, रहस्यकथालेखक. नाव लालमोहन गांगुली, टोपणनाव जटायू.

जटायू भेटतो फेलुदाच्या कथांत. सत्यजित राय यांचा हा फेलुदा 1965 मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात अवतरला. मासिक घरचंच. आजोबा उपेंद्रकिशोर यांनी ते 1913 मध्ये काढलं होतं. मध्ये बंद पडलं, ते नातवानं सुभाष मुखोपाध्यायांच्या साथीनं 1961 मध्ये पुन्हा सुरू केलं. फेलुदा कुठून आला हे कुणालाही सांगता येतं. हुशार गुप्तहेर, त्याच्या करामती लिहून ठेवणारा धाकटा सोबती तोपशे, आणि घरात बसून जगाची माहिती डोक्यात साठवणारे सिधू ज्याठा, म्हणजे होम्सच्या भावाची, मायक्रॉफ्टची, कोलकात्यातली शाखा. राय यांनी हे कधी लपवलं नाही. उलट 1989 च्या ‘लंडने फेलुदा’मध्ये त्यांनी फेलुदाला थेट बेकर स्ट्रीटवर नेऊन गुरूला वंदन करायला लावलं. आपल्याकडे एखाद्या लेखकानं असं केलं असतं तर परीक्षणात ‘कबुलीजबाब’ असा मथळा आला असता.

आणि तो गुरू तरी कुठे निव्वळ शाईतून जन्मला होता? होम्सची ती पुढेमागे टोक असलेली टोपी चित्रकार सिडनी पॅजेटच्या कुंचल्यातून आली. वाकडा पाइप लोकांच्या डोळ्यांत बसला तो रंगमंचावर होम्स साकारणाऱ्या विल्यम जिलेटमुळे. आज होम्स म्हटलं की दिसतो तो माणूस डॉयलनं एकट्यानं घडवलेला नाही.

राय यांचं वेगळेपण असं की लेखक, चित्रकार आणि दिग्दर्शक हे तिघंही एकाच देहात नांदत होते. जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी करत असताना त्यांनी ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढली; पुढे 1955 मध्ये चित्रपट आला. आधी चित्र, मग सिनेमा. पटकथेसाठी ते लाल कापडी बांधणीच्या वह्या वापरत, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तसल्या. त्यात संवादाशेजारी रेखाटन, रेखाटनाशेजारी पोशाखाची टिपणं. कोण कुणाकडून काय घेतंय याचा हिशेब त्या वह्यांतही लागणार नाही.

जटायू या गोतावळ्यात उशिरा आला. सुरुवातीच्या कथांत फेलुदा आणि तोपशे दोघंच होते. 1971 च्या ‘सोनार केल्ला’ कादंबरीत, राजस्थानकडे निघालेल्या गाडीत, लालमोहनबाबू भेटतात. धाडसी कथा लिहितात, त्यांचा नायक प्रखर रुद्र हा अचाट पराक्रमी, आणि लेखक स्वतः किरकोळ अंगाचा, उंटावर बसायच्या कल्पनेनंच घाम फुटणारा. ज्ञान तर असं की उंट पाणी पोटात साठवतो असं छापून मोकळे होतात आणि मदारीतल्या चरबीची गोष्ट फेलुदानं सांगितल्यावर निमूटपणे वहीत टिपून घेतात. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करायची असते ना. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा माणूस परका वाटणं शक्यच नाही. असे भराभर लिहिणारे लेखक आपण पाहिलेत, त्यांची पुस्तकं वाचनालयातून दोन आणे भाड्यानं आणलीत, आणि मोठं झाल्यावर ती वाचली नसल्याचं नाटकही केलंय.

कादंबरीसोबत राय यांनी जटायूचं चित्रही काढलं होतं, पण तो चेहरा आज कुणाच्या लक्षात नाही. कारण 1974 मध्ये ‘सोनार केल्ला’चा चित्रपट आला आणि जटायूच्या भूमिकेत संतोष दत्त आले. दत्त पेशानं वकील. राय यांनी 1958 च्या ‘परश पाथर’पासून त्यांना घेतलेलं, ‘गुपी गाइन बाघा बाइन’मधले दोन्ही राजे, भला आणि दुष्ट, त्यांचेच. चित्रपटात उंटावर बसण्याआधी ते जी काही कसरत करतात ती एकदा बघा. भीती आणि हौस एकाच वेळी चेहऱ्यावर कशी दिसते हे शब्दांत लिहायला चांगल्या लेखकालाही पानभर लागेल.

यानंतर राय यांनी जे केलं त्यासाठी हा सगळा लेख. पुढच्या कादंबऱ्यांची चित्रं काढताना त्यांनी आपला आधीचा जटायू पुसला आणि तिथं संतोष दत्त काढले. तेच टक्कल, तीच मिशी, तोच भाबडा आविर्भाव. मूळ पात्राचा निर्माता मी, माझंच चित्र प्रमाण, असा हेका त्यांनी धरला नाही. नटानं दिलेला चेहरा लेखकानं पुस्तकात परत घेतला. उलट्या दिशेनं वाहणारा प्रभाव तो हाच, आणि त्यामुळे जटायू कमी अस्सल झाला असं म्हणणारा बंगाली वाचक मला अजून भेटायचाय.

मला तर वाटतं, राय यांच्या सगळ्या पात्रांत सर्वांत स्वतंत्र जटायूच. फेलुदाला होम्सची सावली आहे. प्राध्यापक शंकू, 1961 चे, त्यांच्यामागे वडील सुकुमार राय यांचा हेशोराम हुशियार उभा आहे, आणि हेशोराम ही डॉयलच्या ‘लॉस्ट वर्ल्ड’ची टवाळी. म्हणजे तीन पिढ्यांचं देणं. जटायूच्या मागे असा एकच कुणी सापडत नाही, कारण तो उसनवारीचाच पुतळा आहे. वाचलेलं, ऐकलेलं, सिनेमात पाहिलेलं सगळं पोटात घालून कथा पाडणारा. राय यांनी लेखकाच्या या जातीची थट्टा केली आणि त्याच वेळी तिला जीवही लावला.

थट्टा कुठवर गेली ते मुंबईत दिसतं. 1976 च्या ‘बंबइयेर बंबेटे’मध्ये जटायूच्या कथेवर हिंदी चित्रपट निघतो, नाव ‘जेट बहादूर’, आणि तिघंही चित्रीकरण पाहायला मुंबईला येतात. हिंदी सिनेमाला चालेल अशी गोष्ट कशी रचावी, त्यात काय काय टाकावं, याचा पाठ जटायूला फेलुदानंच दिलेला असतो. शेवटचा थरार आपल्या घाटात, खंडाळा-लोणावळ्याच्या बाजूला. धावती आगगाडी आणि शेजारून दौडणारे घोडे. ‘शोले’ आदल्याच वर्षी, 1975 मध्ये आला होता आणि त्यातला आगगाडीचा प्रसंग मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला होता. हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही. ‘पथेर पांचाली’चा दिग्दर्शक हिंदी मसाल्यातली घोडदौड उचलतो, आणि कोलकात्याच्या पूजा अंकासाठी, म्हणजे आपल्या दिवाळी अंकाच्या थोरल्या भावासाठी, तिची कादंबरी करतो. वेरूळच्या कैलास लेण्यात घडणारी ‘कैलासे केलेंकारी’ त्याआधीची, 1973 ची. मराठी वाचकानं या दोन्ही मुद्दाम वाचाव्यात. आपला मुलूख बंगाली मुलांना कसा दिसला असेल ते कळतं. अशोक जैन यांनी केलेले फेलुदाचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनानं काढले आहेत.

पण माझी सर्वांत आवडती जागा काशीतली आहे. ‘जय बाबा फेलुनाथ’. रहस्य फोडतोय, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. घरातला मौल्यवान गणपती नाहीसा होतो. मगनलाल मेघराजसारखा खलनायक त्याच्या मागे आहे. पडद्यावर उत्पल दत्त, पाहताना अजूनही घशाला कोरड पडते. गणपती लपवलेला असतो घरातल्या लहानग्या रुकूनं. हा पोरगा स्वतःला कॅप्टन स्पार्क समजतो, रहस्यकथांच्या नायकाच्या भाषेतच बोलतो. गणपती कुणाकडे आहे म्हटलं तर उत्तर, आफ्रिकेच्या राजाकडे. आफ्रिकेचा राजा म्हणजे सिंह, आणि सिंह घरातच तयार होत असलेल्या दुर्गेच्या मूर्तीचा. त्याच्या जबड्यात पोरानं च्युइंगमनं गणपती चिकटवून ठेवलेला. पुस्तकात वाचलेलं जग त्यानं कोलकात्याच्या नव्हे, काशीच्या वाड्यात आणलं, मातीच्या सिंहाला आफ्रिका दिली. आता सांगा, ती लपवायची जागा रुकूची की त्याच्या आवडत्या लेखकाची?

माझ्या मते रुकूची. च्युइंगम त्याचं स्वतःचं होतं.

आपल्याकडेही हे घडतच आलंय, फक्त आपण त्याचं कौतुक करत नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवला. एका हाताची पकड दुसऱ्या हाताला कळली नसेल असं कोण म्हणेल? पुढे फेणे दूरदर्शनवर आला, सुमीत राघवन झाला. 2017 च्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला, आणि दिलीप प्रभावळकर झाले चक्क भा. रा. भागवत. लेखकच आपल्या पात्राच्या गोष्टीतलं पात्र. ‘बाह्य प्रभाव जाणवतो’ हा शेरा यातल्या कुणावर मारायचा?

तेव्हा त्या मुलीला माझं सांगणं: कोरियन आजीची चाल राहू दे, निळूभाऊंचा आवाजही राहू दे. फक्त तो चिमटा वाजवायला तिच्याकडे तिचं कारण असू दे. तीस वर्षं गर्दीत उभं राहून सुट्टे पैसे मोजलेल्या बाईला माणसाच्या खिशाकडे पाहून काय काय कळतं, हे कुठल्या मालिकेत सापडणार नाही. ते तुलाच लिहावं लागेल. तुझ्या कथेत मला तेवढंच कमी वाटलं. कथा पुन्हा लिहून दुसरीकडे पाठव.

जटायूचं राहिलं. 1986 मध्ये फेलुदा हिंदीत दूरदर्शनवर आला, ‘किस्सा काठमांडू का’. शशी कपूर फेलुदा, आणि जटायू आपले पुण्याचे डॉ. मोहन आगाशे. काम झकास. पण राय यांच्या कागदावरचा जटायू बदलला नाही. संतोष दत्त 1988 मध्ये गेले. त्यांच्याशिवाय फेलुदावर चित्रपट करणार नाही असं राय म्हणाले, आणि त्यांनी केला नाही. लिहीत मात्र राहिले, 1992 मध्ये जाईपर्यंत. त्या शेवटच्या कथांमधली चित्रं काढून पाहा. टक्कल तेच आहे, मिशीही तीच.