मोटार गचके कां खाते?

वेग वाढवितांना पेट्रोलची मोटार गचके खाऊं लागली, म्हणजे पुष्कळ गृहस्थ प्रथम पेट्रोलपंपास दोष देतात. वस्तुतः त्या वेळीं इंजिनास इंधन व हवा अधिक लागते, आणि ठिणगीही वाढत्या दाबांत पडावी लागते. संथ चालींत लपलेली उणीव तेव्हां उघड होते. सबब आधीं स्पार्क प्लग व हवेचा फिल्टर पाहावा. हीं अल्प खर्चाचीं कामें होत. मग इग्निशन कॉइल व इंधनाचा फिल्टर तपासावा. इंजिनाचा इशारादिवा लुकलुकत असल्यास मात्र गाडी तशीच हांकूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या वाटेनें जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करतें. मुलाबाळांसह घाट चढण्यापूर्वीं तर ही तपासणी अवश्य करावी. पुढील ट्रक ओलांडतांना गचका बसणें जिवावरचें होय.