‘मिस केरळ’ला पेटी केवढी?

मुलांनी हट्ट धरला म्हणून काचेच्या पेटीत मासे आणताय? मग ‘मिस केरळ’ घेण्याआधी थोडं थांबा. रुपेरी अंग, त्यावर लाल नि काळा पट्टा. दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढतो मात्र १५ सेंटिमीटरपर्यंत! केरळच्या डोंगरी, वाहत्या ओढ्यांत कळपानं सुसाट पोहणारा हा मासा. एकटा ठेवला की बुजतो. निदान सहा हवेत. म्हणजे पेटी चार फुटांहून लांब, पंपानं पाणी खेळतं, आणि वर झाकण. नाहीतर उडी मारून सकाळी जमिनीवर सापडायचा. ओढ्यांतून बेसुमार धरल्यानं त्याची जात धोक्यात आली आहे, तेव्हा घ्यायचाच तर पैदास केलेला मागा. एवढी जागा नाही? मग डासांच्या अळ्या खाणारे गप्पीच बरे.