घड्याळी तासाचे प्राध्यापक

आमच्या घरांत रिश्त्याची बोलणी निघाली की पहिला सवाल असतो, "मुलगा पर्मनंट आहे का?" मुलगा सेट पास, पीएचडी, कॉलेजात शिकवतो, पण सीएचबीवर. म्हणजे तासिका तत्त्वावर. बोलणी तिथेच थंडावतात.

हिशेब करून पाहा. सीएचबीवाल्याला आठवड्याला साधारण नऊ तास मिळतात. पदवीच्या वर्गाला तासाचे २०१८ मध्ये ५०० रुपये होते, २०२३ मध्ये ९०० झाले. महिन्याचे झाले बत्तीस हजार, तेही वर्ग भरतात तेवढेच महिने. हातात कधी पडतील ते वेगळंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १५०० आणि महिन्याला ५० हजारांपर्यंत असा दर सांगितला होता.

"नऊ तासांच्या कामाचे एवढे पुरे की!" असं म्हणणारे भेटतात. त्यांनी जरा झरी जामणीकडे यावं. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला आदिवासी तालुका. कोलाम, गोंड, कापूसवाल्या कास्तकारांची पोरं. कॉलेजची पायरी चढणारी बहुतेक घरातली पहिलीच. त्यांचं खरं काम तास संपल्यावर निघतं. शिष्यवृत्तीचा अर्ज अडलाय, परीक्षेचा फॉर्म राहिलाय, घरचे लग्नाची घाई करताहेत, बी.ए. झाल्यावर पुढे काय? घरी हे सांगणारं कुणी नसतं. कॉलेजातले सर नाहीतर मॅडम, एवढाच आधार. आणि नेमकं हेच काम तासिकेच्या बिलात कुठे बसत नाही. कितीतरी जण तरीही ते करतात, फुकटात. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. सर तेच असतील याची खात्री मुलाला नसते, सरांनाही नसते. पुण्या-मुंबईच्या मुलाकडे क्लास असतो, शिकलेला मामा असतो. इथे सर गेले की झालं.

सरकारने २०२१ मध्ये २,०८८ पदं भरायला मंजुरी दिली होती. ती कशी रखडली ते प्राध्यापक मंडळींना विचारा. संस्थाचालकांच्या 'भावाची' गोष्ट तर चहाच्या टपरीवरही चालते, तिच्यात मी शिरत नाही. सगळी पदं लगेच भरता येत नसतील तर सुरुवात अशा तालुक्यांपासून करा. तोवर एकदा नेमलेल्या माणसाला दरवर्षी मुलाखतीच्या रांगेत उभं करू नका, आणि मानधन दर महिन्याला द्या.