सागाचा गाभा आणि झाडाची अडगळ

वनस्पतींना मूत्रपिंड नाही की आतडे नाही. नकोशा पदार्थांपैकी वायू तेवढे पर्णरंध्रांतून बाहेर पडतात: रात्री कार्बन डायऑक्साइड, दिवसा प्रकाशसंश्लेषणात सुटलेला ऑक्सिजन. माणूस ज्यावर जगतो तो प्राणवायू झाडाच्या हिशेबी जास्तीचा माल. बाकीचे बरेचसे पदार्थ पेशींतल्या रिक्तिकांत, सालीत आणि जुन्या लाकडात साठून राहतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या लाकूड आगारात ही साठवण नुसत्या डोळ्यांना दिसते. सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बाहेरचे पांढरट कडे असते, ते रसकाष्ठ; मुळांनी ओढलेले पाणी त्यातूनच वर चढते. आतला सोनेरी-तपकिरी गाभा म्हणजे मध्यकाष्ठ. त्यात एकही पेशी जिवंत नसते. मरण्याआधी पेशींनी तयार केलेली टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये तिथे मुरलेली असतात. ताज्या कापावर हात फिरवला तर तेलकट लागतो, वास कमावलेल्या चामड्यासारखा येतो. वाळवी रसकाष्ठ फस्त करते आणि गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, ते या द्रव्यांमुळे. लिलावात खरी बोली लागते तीही गाभ्यावरच. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च 2023 मध्ये बल्लारपुरातून रवाना झालेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती याच टिकाऊपणाची. अशा द्रव्यांना नुसता कचरा ठरवणे बरोबर नाही. कीड आणि बुरशी दूर ठेवण्याचे काम ती झाड उभे असतानाही करतात.

नकोसे पदार्थ टाकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पानगळ. पान गळण्यापूर्वी झाड त्यातले नत्र आणि स्फुरद बरेचसे परत ओढून घेते. कॅल्शियम आणि इतर साठा पानाबरोबर खाली येतो व कुजून मातीला मिळतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून चंद्रपूर-गडचिरोली भागात झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात उरलेसुरले नत्र धुरात जाते, आणि आग पसरली तर वणवा ठरलेलाच.

ऐनाच्या सालीत कॅल्शियम इतके साठते की तिच्या राखेचा चुना विड्याच्या पानाला लावत. अळूच्या पानांत हेच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात असते. घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे, म्हणून फतफद्यात चिंच हवीच. बिब्ब्याच्या फळातले काळे तेल कातडीवर फोड आणते, पण धोब्याच्या कपड्यांवरची न निघणारी खूणही त्याचीच.

डिंकाची गोष्ट थोडी वेगळी. पाठ्यपुस्तके त्याला उत्सर्जनात बसवतात, पण धावड्याचा किंवा कढई नावाच्या झाडाचा डिंक पाझरतो तो मुख्यतः जखमेवर. धावड्याचा हिवाळ्यात लाडवांत जातो. कढईचा पाण्यात फुगतो, म्हणून रेचकांत आणि कवळी बसवण्याच्या पुडीत वापरतात. तो जास्त मिळावा म्हणून कुऱ्हाडीने खोल घाव घातले की जखम भरत नाही, बुरशी शिरते आणि झाड वाळते. उथळ, मोजक्या खाचा घेऊन मध्ये विश्रांती दिलेले झाड मात्र पुढेही डिंक देत राहते.