रक्ताच्या पिशवीतला पाहुणा

पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत साठवले जाई. १९५०च्या सुमारास अमेरिकेत डॉ. कार्ल वॉल्टर यांनी प्लास्टिकची पिशवी पुढे आणली आणि बाटली फुटण्याची धास्ती संपली. पिशवीचे पीव्हीसी मुळात नळाच्या पाइपसारखे कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात डीईएचपी नावाचे तेलकट रसायन मिसळतात. पण हे रसायन प्लास्टिकमध्ये पक्के बांधलेले नसते. ते हळूहळू रक्तात उतरते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा प्रजननसंस्थेवर दुष्परिणाम दिसला. म्हणूनच नवजात मुलगे आणि गर्भवती स्त्रियांबाबत अधिक काळजी वाटते.

मग ते काढून का टाकत नाहीत? गंमत अशी, की हाच पाहुणा तांबड्या पेशींच्या आवरणाला बळकटी देतो. योग्य द्रावणात रक्तपेशी ४२ दिवस टिकतात, त्यात त्याचाही वाटा आहे. तो नसेल तर पेशी जास्त फुटतात.

बीटीएचसी आणि डिंच हे त्याला पर्याय आहेत. पेशी टिकाव्यात म्हणून त्यांच्यासोबत साठवणीचे द्रावणही सुधारावे लागते. युरोपीय संघाने वैद्यकीय साधनांतील डीईएचपीसाठी १ जुलै २०३० ही मुदत ठरवली आहे. त्यानंतर खास परवानगी लागेल.

तोवर या भीतीने कोणी रक्त नाकारू नये. गरजेच्या वेळी रक्त न मिळण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.