‘रडू नको’ म्हणण्याआधी

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले होते. धुंदलवाडी, दापचरी ही नावं तेव्हा सारखी पेपरात यायची. थंडीचे दिवस, तरी माणसं घराबाहेर झोपत होती. एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी खाऊ घेऊन गेले होते. पाचेक वर्षांचा एक मुलगा उंबऱ्यावरच बसलेला, आत यायला तयार नाही. सेविकाताई म्हणाल्या, “महिनाभर असंच चाललंय हो त्याचं. घाबरट झालाय.” मीही आपलं नेहमीचंच बोलले, “अरे, तू शूर ना? काही होत नाही.”

तेवढ्यात भांडी खडखडली, पत्रा थरथरला. आणि काही होत नाही म्हणणारी मी त्या मुलाच्याही आधी अंगणात पोहोचले होते!

पुढे जे झालं ते मात्र लक्षात राहिलं. तिथल्या मदतनीस वारली आजी त्याच्याजवळ बसल्या. त्याचा हात स्वतःच्या छातीवर ठेवून त्याच्याच बोलीत म्हणाल्या, बघ, माझंही कसं धडधडतंय. मलापण भीती वाटली. पोरगा आधी हसला, मग रडला, आणि मग घडाघडा बोलायला लागला. रात्री झोप येत नाही, भिंत पडेल वाटतं, सगळं सांगितलं. थोड्या वेळाने आजींचा पदर धरून आत आला.

डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकापासून भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द सगळीकडे गाजला. शहरात त्याची शिबिरं होतात, फी भरून. आमच्या आजींनी ते पुस्तक पाहिलेलंही नाही. पण मनातल्या गोष्टीला नाव देणं, ती लपवायची नसते हे दाखवणं आणि मूल शांत होईपर्यंत सोबत थांबणं, याहून वेगळं त्यात आहे तरी काय?

आणि मैत्रिणींनो, हे शिक्षण आपल्याच मातीत रुजलेलं आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं इथे कोण आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला! गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. धाकटं भावंडं कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत न पाठवता शाळेलाच पाळणाघर जोडलं. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की मुलाला बदलायच्या आधी त्या दोघींनी शाळा बदलली. ज्या मुलाला ‘तू जसा आहेस तसा ये’ असं कुणी म्हणतं, त्याचं निम्मं रडं तिथंच थांबतं.

आता आपल्याकडे काय चाललंय? तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल, गळ्यात टाय आणि पाहुणे आले की इंग्रजी कवितेची परीक्षा. एबीसीडी आली का हे आपण रोज विचारतो, आज कुणाशी भांडलास आणि मग काय केलंस हे विचारत नाही. मुलगा रडला की भागूबाई, मुलगी चिडली की ‘सासरी कसं होणार?’ मी स्वतः माझ्या मुलाला हे सगळं बोलले आहे, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवत नाही. दुसऱ्याचं खेळणं हिसकावलं की लगेच सॉरी म्हणायला लावतो. सॉरी तोंडपाठ होतं, पण समोरच्याला काय वाटलं ते कळत नाही. त्यापेक्षा ‘बघ बरं त्याच्या चेहऱ्याकडे’ एवढं म्हणून पाहा.

भाषेचाही प्रश्न आहेच. घरी वारली बोलणारं मूल शाळेतल्या मराठीत रंग सांगेल, आकडे म्हणेल. पण दुखतंय, राग आलाय हे घरच्याच बोलीत सांगणार. ते ऐकणारं कुणीतरी वर्गात हवं. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जगायला जातात, मुलंही जातात. पावसाच्या तोंडावर परतलेलं मूल गप्प असतं, तेव्हा ते ‘मागे पडलं’ अशी नोंद होते. त्याला त्या काळात काय वाटलं, याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

सेविकाताईंना दोष देऊन उपयोग नाही. वजन, आहार, लसीकरण, मोबाइलवरच्या नोंदी, यातून त्यांना मुलांजवळ बसायला वेळ कधी मिळणार? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयाला शिक्षणाच्या आराखड्यात घेतलं, चांगलंच झालं. पण त्याबरोबर त्यांच्या कागदांचा भार उतरायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या महिला मंडळापुरतं आम्ही एक ठरवलंय. आठवड्यातून एकदा दोघीजणी जाऊन नोंदींच्या कामात हात लावतो, तेवढा तास ताई मुलांत बसतात. जुन्या लुगड्याची एक बाहुली शिवलीय. ती हातात घेऊन ज्याने त्याने आज बाहुलीला काय वाटतंय ते सांगायचं. गेल्या वेळी एक चिमुरडी म्हणाली, बाहुलीला राग आलाय, तिची आई भट्टीवर गेली आणि तिला नेलं नाही. मग बाजूच्या मुलाने आपल्या ताटलीतली उसळ बाहुलीसमोर ठेवली.